आसन रिकामं आहे, रिकामंच राहू द्या

(गावकारभाराबद्दल वाचकांचे प्रश्न, उत्तरं एका निवृत्त ग्रामसेवकाची.)

प्रश्न : आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. यंदा ती साऱ्या गावाची व्हावी म्हणून मशिदीचे मौलाना, विहारातले भंते आणि तालुक्याच्या चर्चचे फादर यांना बोलावलं. तिघंही हो म्हणाले. आता उपसरपंच म्हणतात, आमदार, जिल्हा परिषद सदस्य, ठाणेदार येतील तर स्टेज पाहिजे, खर्च ग्रामपंचायतीतून काढू. मंडळातली जुनी माणसं म्हणतात, स्टेज घातलं तर आम्ही येत नाही. मी काय करू?
— एक महिला सरपंच, आर्वी तालुका

उत्तर : ताई, म्हाताऱ्यांचं ऐका. हे मी शहाणपणानं सांगत नाही, पोळलोय म्हणून सांगतो.

चांदूर रेल्वे तालुक्यात एका गावी मी ग्रामसेवक होतो तेव्हा अगदी हेच झालं, आणि करणारा मीच. डेकोरेशनवाल्याकडून स्टेज आणलं, वर अकरा खुर्च्या. पाहुणे आले चौदा. तीन खुर्च्या शाळेतून धावत आणाव्या लागल्या. शाल-श्रीफळाची यादी माझ्या हातची, तीत पोलीस पाटलांचं नाव राहिलं; ते पुढं दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. सत्काराला सव्वा तास लागला. खाली भगव्या टोप्या घालून ओळीत बसलेली माणसं खंजेरी मांडीवर ठेवून वाट बघत होती. एका पाहुण्यांचं भाषण रंगात आलं आणि मशिदीवरून अजान सुरू झाली. मौलाना उठले आणि गेले. त्यांना मगरिबची नमाज पढवायची होती, दुसरं काही नव्हतं. पण फोटोत त्यांची खुर्ची रिकामी दिसली आणि पंधरा दिवस पानटपरीवर एकच चर्चा : ‘मौलाना रागानं उठून गेले.’

चूक सगळी माझी. मगरिबची वेळ सूर्य मावळला की लागते, ही काही गुपित गोष्ट नव्हती. पण बोलवायला गेलो तेव्हा मी ‘याल ना?’ एवढंच विचारलं, ‘किती वाजता जमेल?’ हे विचारलंच नाही. दुसऱ्या वर्षी विचारलं, तर मौलाना हसून म्हणाले, ‘भाऊ, सूरज डूबने से पहले निपटा लो, मैं आखिर तक बैठूंगा.’ बसलेही.

तुमच्या कार्यक्रमात ही वेळ आपोआप जुळते. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, तिथी आश्विन वद्य पंचमी. गुरुकुंज मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, त्या तिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध होतात. तुम्हीही तोच मिनिट धरा. लगेच प्रार्थना घ्या. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेपाचला आटोपलं तर मौलाना सावकाश चालत मशिदीत पोचतील.

आता स्टेज. मंडळाच्या प्रार्थनेत पुढं मूर्ती नसते, अधिष्ठान असतं, म्हणजे मांडलेलं रिकामं आसन. म्हातारे त्यासाठीच भांडताहेत. रिकाम्या आसनासमोर सगळे सारखे, आणि तुम्ही त्याच्या बाजूला अकरा भरलेल्या खुर्च्या मांडणार! सेवाग्रामला आश्रमाची प्रार्थनेची जागा बघितली असेल, तुमच्याच जिल्ह्यात आहे. उघडं मैदान आणि १९३६ साली गांधीजींनी लावलेला पिंपळ. देशाचे पुढारी तिथं जमिनीवर बसले. आपले आमदार काय, बसतील सतरंजीवर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागं भिंतीला लागून चार-सहा खुर्च्या ठेवा, पद नाही, गुडघे बघून.

मात्र हे त्यांना मांडवाच्या दारात सांगू नका. आठ दिवस आधी स्वतः फोन करा : ‘साहेब, पावणेपाचला या, सत्कार नाही, भाषण नाही, ओळीत बसायचं आहे.’ ज्यांना जमेल ते येतील. ज्यांना नाही जमणार त्यांना त्या दिवशी मुंबईत मीटिंग निघेल. निघू द्या.

भंतेंचं थोडं वेगळं आहे, इथं घाई करू नका. त्यांच्याकडे ईश्वराची आळवणी नाही. सर्वधर्म म्हणून आपण उत्साहानं ‘आता सगळे माझ्यामागे म्हणा’ करतो आणि बौद्ध वस्तीतली माणसं ओठ मिटून अवघडून बसतात. पुढच्या वर्षी येत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो, ‘बोलावलं तरी येत नाहीत.’ भंतेंना त्रिशरण-पंचशील म्हणू द्या, मौलानांना त्यांची दुआ, फादरांना त्यांची प्रार्थना. ज्याला जे म्हणायचं नाही त्यानं गप्प बसावं, कुणी वळून बघू नये. मौन मात्र सगळ्यांचं आहे. म्हणून मी म्हणतो, तुमच्या कार्यक्रमाचा गाभा ४.५८ चं ते मौन आहे. माईकवाल्याला त्या वेळी ‘हॅलो, चेक’ करू देऊ नका, एवढं सांभाळा.

खर्चाचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ प्रमाणे एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी वापरायचा कर द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही. आमचा कार्यक्रम सर्वधर्मीय आहे, असा युक्तिवाद उपसरपंच करतील; लेखापरीक्षकासमोर तो करत बसण्याची वेळ तुमच्यावर येईल, त्यांच्यावर नाही. मांडव, माईक, प्रसाद लोकवर्गणीतून करा. रस्ता झाडणं, नाली उपसणं, दिवे लावणं, पिण्याचं पाणी ही पंचायतीची रोजचीच कामं आहेत, ती आदल्या दिवशी नीट करा. प्रार्थनेच्या जागेजवळची नाली तुंबलेली असली तर आधी ती. ग्रामगीता लिहिणारा माणूस खराटा हाती घेणारा होता, ताई, त्याला हेच आवडलं असतं.

ठाणेदारांकडून लाउडस्पीकरची लेखी परवानगी घ्या. वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. प्रार्थनेला तेवढं पुरेसं आहे. पुरत नसेल तर लोक बोलताहेत असं समजा.

धर्मातल्या वडीलधाऱ्यांचा पाठिंबा म्हणजे हार घालून फोटो, असं आपण धरून चाललोय. खरा पाठिंबा वेगळा असतो. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. मुंबईत ईदचा जुलूस काढणाऱ्या खिलाफत कमिटीनं विसर्जनाचा दिवस सोडून तो दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं. पोलिसांचा केवढा ताप वाचला असेल! तुमच्या मौलानांना, भंतेंना बोलावलंत हे चांगलं केलं. त्यांच्या उरूसाला, बुद्धपौर्णिमेलाही सरपंच म्हणून जा, आणि तिथंही सतरंजीवरच बसा.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ नोंदणीकृत नाही. प्रार्थनेसाठी वर्गणी काढली, सहा हजार उरले. ते खजिनदाराच्या खात्यात ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, धामणगाव

उत्तर : नको. माणूस चांगला असतो, खातं त्याचंच असतं. नोंदणी नसताना वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. पुढच्या वेळी आधी ती घ्या. आता जमाखर्च मोठ्या अक्षरात लिहून देवळाच्या भिंतीवर लावा आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं ते वर्गणी देणाऱ्यांनाच बैठकीत विचारा. सहा हजारांत दोन सतरंज्या येतात. पुढच्या वर्षीचं भाडं वाचेल.

प्रश्न : गावात ख्रिस्ती कुटुंब एकच, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरचं. सर्वधर्म प्रार्थनेत त्यांना पुढं बोलवावं का? त्या संकोचतात.
— एक शिक्षक, तिवसा तालुका

उत्तर : गुरुजी, एकटीला माईकसमोर उभं करणं म्हणजे तिची जनगणना करणं. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, विचारा. नाही म्हणाल्या तर विषय तिथंच सोडा. हो म्हणाल्या तर इंग्रजी काही वाचायची गरज नाही हेही सांगा. मराठी चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं गातात, टाळ-मृदंगावर सहज बसणारी. आमच्या गावातल्या सिस्टरनं असंच एक म्हटलं होतं. खंजेरीवाल्या बुवांना चाल आधी ठाऊक नव्हती, दुसऱ्या कडव्याला त्यांनी ठेका धरला.