मार्चमध्ये तीन लाख येणार नाहीत, त्यामुळे स्टिरिओसाठी लोन काढू नका

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३१, सातपूरला नोकरी, हातात महिना ५४ हजार येतात, घरी बायको, दोन वर्षांची मुलगी आणि आई. दीड वर्षापूर्वी हॅचबॅक घेतली, ७ लाखांचं लोन सात वर्षांसाठी, हप्ता सव्वा अकरा हजार. गाडीसोबत आलेला स्टिरिओ त्यांना अजिबात आवडत नाही, हायवेला लागलं की गाण्याचे शब्दच कळत नाहीत म्हणतात, म्हणून दुकानातून ८५ हजारांचं कोटेशन आणलंय. विचारलंय एवढंच, की १५ टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन काढून हे करू का. पुढे लिहिलंय, "मार्चमध्ये माझ्या एफडीवाल्या पॉलिसीचा पाचवा आणि शेवटचा हप्ता भरला की तीन लाख आणि वर व्याज सुटतंय, त्यातून हे लोन फेडतो, उरलेले कारलोनमध्ये टाकतो, आणि सिस्टिम चांगली असली की गाडीची रिसेल पण वाढते." सोबत कोटेशन आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

स्टिरिओवर येतोच, पण आधी तो फोटो. मी तो मोठा करून दोनदा वाचला. उजवीकडे खाली, तुमचा अंगठा आलाय त्याच्या जरा वर, एक चौकट आहे. त्यात प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं लिहिलीय आणि पॉलिसीची मुदत २० वर्षं. सुरुवात मार्च २०२२. म्हणजे येत्या मार्चमध्ये काहीही सुटत नाहीये. पाचवा हप्ता भरला तरी अजून पाच राहतात, आणि पैसे येतात २०४२ साली. तेव्हा तुमची मुलगी कॉलेजात असेल.

ही एफडी नाही, एफडीसारखीही नाही. तुम्ही बँकेत बोनसची एफडी करायला गेलात, समोरच्याने "सर, यात एफडीपेक्षा जास्त मिळतं, पाच वर्षं भरायचं, मग कधीही काढा" असं सांगून एन्डोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली पॉलिसी, हातात दिली. ही तक्रार मी इतक्या लोकांकडून ऐकलीय की आता खरंच संताप येतो, कारण दर वेळी फसतो तो माणूस बचत करायलाच गेलेला असतो, उधळायला नाही. तुमची चूक एवढीच की पॉलिसी घरी आल्यावर पहिलं पान वाचलं नाही. तेव्हा फ्री लूकमध्ये, म्हणजे नवीन पॉलिसी तपासून बघायला मिळणाऱ्या मोजक्या दिवसांत, परत करता आली असती, आता ती वेळ गेली.

आता आकडे. वर्षाला ६० हजार, दहा वर्षं, म्हणजे ६ लाख भरायचे. त्या पानावर विसाव्या वर्षी मिळणारी रक्कम साधारण १३ लाख दिसतेय. ऐकायला दुप्पट वाटतं, पण वीस वर्षांत. हिशोब केला तर वर्षाला जेमतेम ५ टक्के पडतात, पीपीएफ आज ७.१ देतंय.

मग मोडून टाकायची का? थांबा, इथे लोक दुसरी घाई करतात. तुम्ही चार हप्ते भरलेत, २ लाख ४० हजार. त्या काळच्या पॉलिसीत चार वर्षं भरल्यावर गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू (मधेच मोडली तर हमखास मिळणारी रक्कम) भरलेल्या प्रीमियमच्या निम्मी असते, म्हणजे १ लाख २० हजार. स्पेशल सरेंडर व्हॅल्यू म्हणून थोडे जास्त निघू शकतात, पण तुमचे तीन लाख त्यात कुठेच नाहीत. दुसरा रस्ता पेड-अप करायचा. पुढचे हप्ते बंद, पॉलिसी चालू, आणि दहापैकी चारच हप्ते भरले म्हणून २०४२ साली त्या प्रमाणात पैसे. १३ लाखांचे चार दशांश धरले तर सव्वापाच लाखांच्या आसपास. आजचे १ लाख २० हजार सोळा वर्षांत सव्वापाच लाख व्हायला वर्षाला ९ टक्क्यांच्या वर लागतात, ते एफडीत मिळणार नाहीत. आणि हप्ते भरतच राहिलात तर पुढच्या ३ लाख ६० हजारांवर तुम्हाला पावणेसहा-सहा टक्के सुटतात. त्यामुळे माझं मत पेड-अप करा, मार्चचा हप्ता भरू नका.

फक्त माझ्या अंदाजावर सही करू नका. काही पॉलिसींमध्ये पेड-अप केल्यावर रकमेत भर घालणारे पुढचे अ‍ॅडिशन बंद होतात आणि सव्वापाच लाखांचे चार लाख होतात, तेव्हा सरेंडर आणि पेड-अप यांतला फरक बराच कमी उरतो. विमा कंपनीच्या शाखेत जा (बँकेत नाही, तिथे तुम्हाला परत नवीन काहीतरी दाखवतील) आणि आजची सरेंडर व्हॅल्यू किती आणि पेड-अप केल्यास मॅच्युरिटीला किती, हे दोन आकडे लेखी मागा. तोंडी सांगितलं तर घेऊ नका.

तक्रारही करा. बँकेतल्या त्या माणसाचा "५ साल भरना है सर" असा मेसेज अजून फोनमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय, तो तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ईमेलवर टाकून ठेवा. आधी विमा कंपनीला लेखी तक्रार, उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल, नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस. वकील लागत नाही, फी नाही. चार वर्षांनंतर सगळे पैसे परत मिळतील अशी आशा धरून बसू नका, तुमची सही आहे त्या कागदांवर, पण तो मेसेज म्हणजे पुरावा आहे आणि बहुतेकांकडे तेवढाही नसतो.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण मला झोप लागू देत नाही. ही पॉलिसी तुम्ही "इन्शुरन्स आहे माझा" म्हणून लिहिलीय. तिचं कव्हर ६ लाख आहे, पेड-अप केलं की आणखी कमी होईल. गाडीचंच लोन जवळपास सहा लाख बाकी असेल. म्हणजे उद्या काही झालं तर गाडी फिटते आणि घरात तिघीजणी शून्यावर. सिगारेट नसेल तर तुमच्या वयाला १ कोटीची साधी टर्म (फक्त विमा, बचत नाही) वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळते, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. आधी टर्म हातात येऊ द्या, मग पेड-अपचा अर्ज द्या, या क्रमाने.

आता स्टिरिओ. लोन काढून नाही. ८५ हजारांवर दोन वर्षांत व्याज १४ हजार, हप्ता चार हजार शंभर, आणि तुमच्या हातात खर्च जाऊन महिन्याला सात-साडेसात हजार उरतात. त्यात बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी गाडीच्या विम्यात वेगळी दाखवावी लागते, किमतीच्या ४ टक्के अधिक जीएसटी, म्हणजे वर्षाला चार हजार. दाखवली नाही तर चोरी झाल्यावर तिचा एक रुपया मिळत नाही. रिसेलचं तर डोक्यातून काढूनच टाका, जुनी गाडी घेणारा व्हेरियंट, किलोमीटर आणि सर्व्हिस रेकॉर्ड बघतो, आणि कापलेल्या वायरी दिसल्या तर उलट किंमत पाडतो.

पण तुमची तक्रार खोटी नाही. कंपनीचे स्पीकर बहुतेक कागदी कोनचे आणि छोट्या मॅग्नेटचे असतात, दाराचा पत्रा पोकळ, त्यामुळे वेग वाढला की टायरचा आवाज वर येतो आणि गाणं खाली जातं. तुमचं कोटेशन बघितलं: अँड्रॉइड स्क्रीन २२ हजार, पुढचे कंपोनंट स्पीकर १४, मागचे ६, चार चॅनलचा अ‍ॅम्प १५, सीटखालचा सबवूफर १६, चारही दारांचं डॅम्पिंग (पत्र्याला आतून लावायचं आवाज दाबणारं शीट) ८, वायरिंग आणि मजुरी ४. यातले पुढचे स्पीकर आणि पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग, मजुरी धरून साधारण २० हजार, एवढ्यानेच तुमचं बरंचसं काम होतं, कारण ऐकणारा पुढे बसतो आणि शब्द पुढूनच येतात. स्क्रीन बदलायची गरजच नाही, तुमची आहे ती ब्लूटूथ आणि अँड्रॉइड ऑटो करतेय. स्पीकर घेताना बॉक्सवरचे ३०० वॅट, ५०० वॅट बघू नका, ते पीक, म्हणजे क्षणभराचे, असतात. आरएमएस (सतत झेपणारे खरे वॅट) बघा आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला किती मोठा वाजतो) ९० डीबीच्या पुढची घ्या, कारण कंपनीचा स्टिरिओ एका चॅनलला खरे पंधरा-वीस वॅटच देतो आणि कमी सेन्सिटिव्हिटीचा महागडा स्पीकर त्यावर मेल्यासारखा वाजतो.

हे २० हजार येणार कुठून? मार्चच्या त्याच ६० हजारांतून, जे तुम्ही दर महिन्याला ५ हजार बाजूला काढून जमवताच. १५ हजार टर्मला, २५ हजार बचत खात्यातल्या ४० हजारांवर टाका म्हणजे निदान दीड-दोन महिन्यांचा घरखर्च होईल, आणि राहिलेल्या वीसमध्ये स्पीकर. कर्ज नाही, हप्ता नाही.

बसवून घेताना एक तास तिथेच उभे राहा. माझ्या आधीच्या गाडीत मी चहाला गेलो तेवढ्यात मूळ वायरी कापून टेप गुंडाळला होता, आठ महिन्यांनी पावसाळ्यात एका दारातला आवाज गेला आणि पॉवर विंडोही अडकली, सर्व्हिस सेंटरने टेप दाखवून वॉरंटीतून हात वर केले, साडेसहा हजार गेले. दुकानदाराला आधीच सांगा, तुमच्या मॉडेलचा कपलर (मूळ वायरीच्या टोकाला बसणारा प्लग) लावायचा, कुठेही कटिंग नाही, बिलावर तसं लिहून द्यायचं. आणि काढलेले स्पीकर तिथे सोडू नका, नवीन स्पीकरच्याच बॉक्समध्ये घालून घरी आणून ठेवा, गाडी विकायच्या आधी तेच परत बसवायचेत.