फ्रेंच सभागृहातली हाणामारी

प्रश्न : आजोबांच्या पुस्तकांत एका जुन्या फ्रेंच साप्ताहिकाचं पान सापडलं. सभागृहात एकच झोंबाझोंबी चालली आहे आणि भाषणाच्या मंचावरच्या माणसाला कोणीतरी मागून मारतंय. खाली जोरेस, बेर्निस आणि '२२ जानेवारी १८९८' एवढंच वाचता येतं. हे खरंच घडलं का? चित्रकार तिथे होता का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : घडलं, आणि पॅरिसच्या पॅले बूर्बोंमध्ये, म्हणजे फ्रेंच संसदेच्या सभागृहात, भर बैठकीत घडलं. तेव्हा फ्रान्स ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्यावरून दुभंगला होता; निर्दोष असूनही त्याला देशद्रोहाबद्दल शिक्षा झाली होती. त्याच्या बाजूने कादंबरीकार एमिल झोलांनी लिहिलेलं 'मी आरोप करतो' हे जाहीर पत्र १३ जानेवारीला छापून आलं. सरकारने त्यांच्यावर खटला भरला, पण पत्रातल्या मोजक्या वाक्यांपुरताच, म्हणजे ड्रेफसचं प्रकरण कोर्टात पुन्हा निघू नये. या लपवाछपवीवर समाजवादी नेते जाँ जोरेस मंचावरून तुटून पडले होते. उजव्या बाकांवरून काउंट द बेर्निस ओरडले, तुम्ही 'सिंडिकेट'चे वकील आहात! ड्रेफसला सोडवायला ज्यूंनी पैसा ओतलाय, अशी अफवा होती. 'सिंडिकेट' हा त्या अफवेतला शब्द. जोरेसनी त्यांना नीच आणि भ्याड म्हटलं. जेरो-रिशार या समाजवादी सदस्याने धावत जाऊन बेर्निस यांना मारलं, बाकांवर जुंपली, आणि त्या गोंधळात बेर्निस मंचावर चढले. त्यांनी जोरेस यांच्यावर मागून हात टाकला.

म्हणून तुमच्या चित्रात पहिला फटका दिसत नाही, दुसरा दिसतो. ही निवड चित्रकाराची आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाठमोऱ्या वक्त्यावरचा हल्ला दाखवला की वाचकाचं मन एका बाजूला झुकतं. जेरो-रिशारचा हात दाखवला असता तर दुसरीकडे झुकलं असतं.

चित्रकार सज्जात बसला होता की नाही, हे पानावरून कळणार नाही. अशी झटापट बंद दालनात टिपणं तेव्हाच्या कॅमेऱ्याला जमण्यासारखं नव्हतं. चित्रकार स्वतःच्या टिपणांवरून किंवा बातमीदारांनी सांगितलेल्यावरून दृश्य रचत आणि चेहरे पुष्कळदा छायाचित्रांवरून घेत. एवढ्या धुमश्चक्रीतही चेहरे ओळखीच्या कोनातून, शांत दिसत असतील, तर ते तसेच आलेत असं समजा.

आता भिंग घ्या. करडा भाग सुबक कोरलेल्या रेघांचा असेल तर तो लाकडी ठसा. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर मूळ चित्राचं छायाचित्र घेऊन केलेला ब्लॉक. १८९८ पर्यंत दोन्ही पद्धती चालू होत्या. ठसा असेल तर चित्रातून आरपार जाणारी पांढरी केसासारखी रेघ शोधा. मी बत्तीस वर्षं मुलांना ठसे कोरायला शिकवलं. ठशाचं लाकूड म्हणजे बॉक्सवूड; त्याचं खोडच बारीक, त्यामुळे आडव्या कापाचा तळहाताएवढा तुकडा मिळाला तरी आम्ही खूश. मोठ्या चित्रासाठी असे तुकडे मागून बोल्टने जोडत. घाई असली की ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत आणि कोरून झाल्यावर पुन्हा जोडत. जोड किंचित हलला की ती रेघ उमटते. कुणाच्या तरी खांद्यावरून गेलेली अशी रेघ सापडली की मला त्या कारागिरांची रात्र दिसते.

एक विनंती. पान लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. लाकडाच्या लगद्याचा तो कागद ठिसूळ झाला असणार. आम्लरहित कागदाच्या दोन तावांमध्ये, घडी न घालता, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा.