मुलीला सेलिशची शिक्षिका व्हायचंय, तिला कसं वळवू?

अमेरिकेत मॉन्टाना राज्यातल्या मिसूला इथून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी विद्यापीठात पहिल्या वर्षाला, गणितात हुशार. तिची रूममेट सेलिश या तिथल्या मूळनिवासी जमातीची. तिच्यासोबत सुट्टीला आर्ली गावी जाऊन-येऊन मुलीनं आता ठरवलंय की, कॉम्प्युटर सायन्स सोडून सेलिश भाषेची शिक्षिका व्हायचं. वडील लिहितात, "ही भाषा लहानपणापासून बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यावर पोट कसं भरणार? रेकॉर्डिंग आहेत, शब्दकोश आहेत, मग शिक्षक हवेत कशाला? सप्टेंबरात तिनं तिथल्या आजींकडे कोल्ह्याची गोष्ट मागितली, तर त्या म्हणाल्या, बर्फ पडू दे. हा कसला अभ्यास? तुम्ही तिला समजवा." आणि खाली ता. क. : "घरी मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते."

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी त्या ता. क. वरच अडकलो. पगाराची काळजी खरी आहे, ती नाकारत नाही. पण तुम्हाला लागलंय ते वेगळंच. लेक दुसऱ्याच्या आजीची भाषा शिकायला चाळीस किलोमीटर जाते आणि आपल्या आजीशी फोनवर दोन वाक्यांपुढे सरकत नाही, हे ते दुखणं. मग ते सरळ तिला सांगा ना. त्याऐवजी तुम्ही तिला "पोट कसं भरणार" म्हणून धाक घालताय, आणि तिच्या कानावर एवढंच जातंय की बाबांना फक्त पैसा कळतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तिची मराठी कुणी हिरावून घेतली नाही. ती शाळेत जायला लागल्यावर "आधी इंग्रजी पक्कं होऊ दे" असं बहुतेक घरांत ठरतं, तसं तुमच्याकडेही ठरलं असावं. सेलिश मुलांचं तसं नव्हतं. सेंट इग्नेशियस गावच्या ख्रिस्ती मिशनच्या निवासी शाळांत आपली भाषा बोलली म्हणून मुलांनी शिक्षा भोगली. ती मुलं आईबाप झाली तेव्हा त्यांनी पोरांशी इंग्रजीच धरली, पोरांना मार बसू नये म्हणून. तुम्ही राहता ते मिसूला सेलिशांच्याच भूमीत आहे. जमातींची बरीचशी जमीन अमेरिकन सरकारकडे गेली तो 1855 चा हेलगेट करार तिथून जवळच झाला, आणि 1891 मध्ये दक्षिणेकडच्या बिटररूट खोऱ्यातून चार्लो या प्रमुखासह उरलेल्या लोकांना फ्लॅटहेड रिझर्वेशनवर, म्हणजे जमातींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात, हलवलं गेलं. तुमची मुलगी रूममेटच्या घरी हेच ऐकत असणार. तिला वेड लागलेलं नाही.

आता "रेकॉर्डिंग आहेत, मग शिक्षक कशाला" हा गैरसमज. मेंगारिनी नावाच्या जेझुइट (कॅथलिक संघाच्या) पाद्र्यानं सेलिशचं व्याकरण 1861 मध्येच छापलं होतं. 1870 च्या दशकात मिशनच्या छापखान्यात मोठा शब्दकोशही निघाला. म्हणजे पुस्तकं दीडशे वर्षांपासून आहेत, आणि त्याच दीडशे वर्षांत भाषा घराघरांतून गेली. आर्लीला 2002 मध्ये न्क्वुसम ही शाळा निघाली, तिथे लहान मुलांना सगळं सेलिशमधूनच शिकवायचं ठरलं. अशा वर्गात उभं राहून बघा. एकानं दूध सांडलंय, दुसरी रडतेय, तिसऱ्याचा कोट निघत नाही, आणि सगळ्यांचे हात धुवायचेत. सेलिशमध्ये "हात धुणं" हा एकच शब्द आहे, धुण्याच्या धातूला हाताचा प्रत्यय लागतो. तोंड धुवायचं तर प्रत्यय बदलतो. त्यात "तू धू", "तुम्ही सगळे धुवा", "तिनं धुतले" अशी रूपं. शब्दकोश उघडायला तिथे वेळ नसतो, ते तोंडात यावं लागतं. भाषा येणाऱ्या आजींचं वय ऐंशीच्या आसपास, त्या दिवसभर तीन वर्षांच्या पोरांमागे धावू शकत नाहीत. धावू शकणाऱ्या पंचविशीतल्या मुलीला भाषा येत नाही. या दोघींमधलं अंतर भरून काढायचं, म्हणजे त्या मुलीला आधी बोलती करायचं आणि सोबत वर्ग सांभाळायला शिकवायचं, यालाच शिक्षक घडवणं म्हणतात. पाब्लो गावच्या सेलिश कूटनाय कॉलेजात हे काम चालतं. त्यात वर्षं जातात.

आणि ते बर्फ. कोल्ह्याच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, हा त्यांचा नियम आहे. आजींनी तुमच्या मुलीला टाळलं नाही, पहिला धडा दिला.

नोकरीचं एका ओळीत : अशा शाळांना शिक्षक मिळत नाहीत ही अडचण आहे, शिक्षकांना काम मिळत नाही ही नाही. पगार सॉफ्टवेअरएवढा नसेल.

पण मुलीलाही मला थांबवायचंय, तुमच्यापेक्षा वेगळ्या कारणानं. हे पुढचं तिला वाचून दाखवा. मॉन्टानात आदिवासी भाषा शिकवण्याचा वेगळा परवाना आहे, आणि भाषा कुणाला येते याचा निवाडा त्यात जमात करते. ते योग्यच आहे. सेलिश कूटनाय कॉलेज इतरांनाही प्रवेश देतं, पण प्रवेश मिळतो म्हणून पहिली जागा आपली असं होत नाही. वर्गासमोर आधी त्यांच्या मुली उभ्या राहायला हव्यात. तुला खरंच मदत करायची असेल, तर त्यांना काय हवंय ते विचार. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरातल्या सेलिश शाळेचं बघ (तिथली भाषा त्याच कुळातली, पण वेगळी, कुळात तेवीसेक भाषा आहेत). ती शाळा काढणाऱ्या लारे वायली आपल्या पूर्वजांची भाषा शिकायला निघाल्या. त्यांचे पती ख्रिस पार्किन स्पॅनिशचे शिक्षक. परकी भाषा पायरीपायरीनं कशी शिकवतात हे त्यांना ठाऊक होतं, सारा पीटरसन या वयोवृद्ध बाईंना भाषा ठाऊक होती. त्यातून पाठ्यपुस्तकं उभी राहिली. पार्किनांकडे द्यायला एक कसब होतं. तुझ्याकडे अजून काही नाही. भाषाशास्त्र घे, बालशिक्षण घे, गणितही सोडू नकोस, कारण सेलिशमधून गणित शिकवायला धडे कुणीतरी रचायला हवेतच. चार वर्षांनी त्यांनी बोलावलं तर जा.

तुमच्यासाठी एकच काम. नोव्हेंबरात बर्फ पडलं की गाडी तुम्ही चालवा, तिला आर्लीला सोडा. जाता-येता मराठीत बोला. ती इंग्रजीत उत्तर देईल, देऊ द्या, चूक काढू नका आणि स्वतः इंग्रजीवर येऊ नका. घरी आल्यावर विचारा, आज कुठली गोष्ट ऐकलीस, आणि ती मोडक्यातोडक्या मराठीत सांगेपर्यंत थांबा.