पूर्णाकाठची माती आकाशातून किती दिसते?

आमचं शेत दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात (खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात) आहे. जमीन चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) आहे का, हे उपग्रहाच्या चित्रावरून कळेल का?

थेट नाही कळणार. उत्तरेकडे गंगेच्या मैदानात क्षार वर येऊन पांढरा थर धरतात, तो चित्रात लख्ख उठून दिसतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या आपल्या पट्ट्यात दुखणं खालच्या थरांत असतं. उष्ण, कमी पावसाच्या हवेत मातीतलं कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं आणि चिकणमातीच्या कणांवर सोडियम वाढतो. मग पाणी झिरपणं मंदावतं. वरून मात्र रान शेजारच्या चांगल्या रानाइतकंच काळं दिसतं, आणि उपग्रहाचा कॅमेरा मातीचा वरचा पापुद्राच वाचतो.

तरी चित्रं वाया नाहीत, कारण पीक बोलतं. संततधारेनंतर शेताचा कोणता तुकडा पिवळा पडतो, पावसाने ओढ दिली की कुठली कपाशी आधी माना टाकते, हे पाच-सहा वर्षांच्या चित्रांत पाहा. एका वर्षाचा डाग किडीचा किंवा उशिरा पेरणीचा असू शकतो. दरवर्षी तोच तुकडा मागे पडत असेल तर तिथे मीटरभर खड्डा घ्या, दर 30 सेंटिमीटरची माती वेगळी बांधा आणि सामूबरोबर (आम्ल-अल्कतेचं माप, pH) विनिमययोग्य सोडियमही, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, तपासून मागा. फक्त वरची वीतभर माती तपासून समाधान मानू नका, हे मी कळकळीने सांगतो. हा सोडियम हटवायला जिप्सम किती टाकायचं ते त्या अहवालावरूनच ठरवा.

मातीसाठी कोणत्या महिन्यांची चित्रं घ्यावीत?

एप्रिल-मे. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) निघालेली, वखरणी झालेली, आभाळ मोकळं. फक्त अवकाळी पाऊस कधी झाला ते पाहून घ्या: ओली हलकी जमीनही चित्रात भारी वाटते.

मी एम.एस्सी. (कृषी) करते आहे. पूर्णा खोऱ्याचा मातीनकाशा करायचा तर सुरुवात कुठून करू?

उंचसखलपणापासून. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधे गाळाची सपाटी. उतारावर उथळ मुरमाड, खाली खोल काळी, हा क्रम उंचीच्या नकाशावरूनच बराचसा उलगडतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचा 1:2,50,000 प्रमाणाचा नकाशा शेजारी ठेवा. त्यानंतर सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची मोफत चित्रं घ्या: दृश्य प्रकाशात 10 मीटर, लघुतरंग अवरक्तात (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात) 20 मीटर बारकावा मिळतो. चिकणमातीची खनिजं 2.2 मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, म्हणून तो पट्टा सोडू नका. जुन्या काळाशी तुलना हवी असेल तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं 1972 पासूनची आहेत.

नमुने घेताना डांबरी रस्त्यालगतच फिरणं टाळा. गाडी जाते तिथलीच माती गोळा झाली की नकाशा रस्त्याचा होतो, खोऱ्याचा राहत नाही. काही खड्डे पहिल्यापासून बाजूला ठेवा. नकाशा बनवताना त्यांचे आकडे वापरू नका, तयार झाल्यावर त्यांच्यावरच तो पडताळा.

उपग्रहावरून जमिनीतलं नत्र, स्फुरद, पालाश सांगतो म्हणणारी सेवा घ्यावी का?

खताचा डोस ठरवायला नको. उभ्या पिकाच्या हिरवेपणावरून नत्राचा अंदाज बांधता येतो, पण उपलब्ध स्फुरद-पालाशची खूण या चित्रांत उमटत नाही. तेच पैसे माती परीक्षणाला द्या.