‘ऑरेंज’चं मूळ शोधताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

वरुडच्या संत्र्याच्या पट्ट्यात राहून ‘ऑरेंज’ शब्दाच्या मुळाशी जावंसं तुला वाटलं, याचा फार आनंद झाला. मात्र ‘नारंग’वरून ‘ऑरेंज’ असं एका ओळीत लिहून मोकळा होऊ नकोस.

वहीत चार रकाने आख : भाषा, रूप, अर्थ, सर्वांत जुनी नोंद. मग एकेक पायरी मागे जा. इंग्रजीत हे आधी फळाचं नाव होतं; रंगासाठी ते १६व्या शतकात वापरात आलं. त्यामागे जुन्या फ्रेंचमधलं ‘ओरेंज’, मग अरबी ‘नारंज’, फारसी ‘नारंग’, संस्कृत ‘नारङ्ग’ आणि त्याही मागे बहुधा द्रविड भाषा.

दोन पायऱ्यांमध्ये ध्वनी का बदलला, हे सांगता आलंच पाहिजे. अभिजात अरबीत ‘ग’ नाही, म्हणून फारसी ‘ग’चा तिथे ‘ज’ होतो. फारसी ‘गौहर’चं अरबीत ‘जौहर’ झालं, त्याचंच अनेकवचन आपलं ‘जवाहीर’. असा दुसरा शब्द सापडला की पायरी पक्की. सुरुवातीचा ‘न’ गळाला तो युरोपात : इटालियनमध्ये ‘उना नारान्चा’ (‘एक नारिंग’) बोलताना तो आधीच्या ‘उना’तलाच वाटला आणि ‘अरान्चा’ उरलं. स्पॅनिशने शब्द थेट अरबीतून घेतला, तिथे ‘नारांखा’त ‘न’ अजून शाबूत आहे. सुरुवातीच्या ‘ओ’चं कारण सोनं या अर्थाचा फ्रेंच ‘ओर’ असावा; वहीतही ‘असावा’ असंच लिही.

अर्थाचा रकाना रिकामा सोडू नकोस. अरबांबरोबर युरोपात गेलं ते कडू नारिंग. गोड फळ तिकडे बरंच नंतर पोचलं. आपला ‘संत्रा’ या साखळीत बसतच नाही, तो पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावाच्या नावावरून आला असं मानतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते नुसतं साम्य. ‘कापूस’ आणि ‘कॉटन’ दोन्ही ‘क’ने सुरू होतात, पण कापूस संस्कृत ‘कार्पास’मधून आला, कॉटन अरबी ‘कुत्न’मधून.

मोल्सवर्थचा मराठी कोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मोबाइलवरही उघडतात. टर्नरमध्ये शब्दाआधी तारा दिसला, तर ते रूप लेखी सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तर्काने बांधलेलं आहे. वहीत उतरवताना तो तारा गाळू नकोस.