शेणातला बारका भुंगा: शिंगवाला आणि बिनशिंगाचा

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही करवीर तालुक्यातले, दारात म्हशी आहेत. पाऊस सुरू झाला की शेणाच्या पोमध्ये बारके काळे किडे दिसतात, पट्टीवर ६ मिलीमीटर भरले. काहींच्या डोक्यावर दोन शिंगं, काही बिनशिंगाचे, मग या दोन जाती का? आणि गोळा ढकलताना एकपण दिसला नाही, तर हे शेणकिडेच का? फोटो जोडलेत.

उत्तर: शेणकिडेच आहेत, शंकाच नको. गोळा ढकलणारे थोडेच, बरेचसे पोच्या खालीच बोगदा काढून शेण आत ओढतात आणि त्यात अंडी घालतात, म्हणून वरून काय कळत नाही, पो उलटा करून बघा, ताज्या मातीचे ढीग आणि भोकं दिसतील. तुमचा आहे ऑन्थोफॅगस. हे एका जातीचं नाव नाही हं, जगात याच्या २००० पेक्षा जास्त जाती आहेत.

हे मी शिंगं बघून ठरवलं नाही. पंखांची कडक झाकणं जिथं सुरू होतात तिथं मधोमध छोटा त्रिकोण असतो, तो तुमच्या किड्यात दिसत नाही आणि मागं पोटाचं टोक उघडं आहे. शेणातच दुसरा बारका पण लांबट किडा असतो, ॲफोडियस गटातला, त्याचा त्रिकोण स्पष्ट दिसतो, टोक झाकलेलं असतं आणि मागच्या पायाच्या नळीच्या टोकाला दोन काटे असतात, ऑन्थोफॅगसला एकच. भिंगातून हे नक्की बघा.

आता शिंगं. एकाच जातीत नर शिंगवाला, मादी बहुतेकदा बिनशिंगाची. पण अळी असताना शेण कमी मिळालं तर नर लहानच राहतो आणि शिंगं नावापुरती येतात किंवा येतच नाहीत. मोठा नर बोगद्याचं तोंड शिंगांनी अडवून राखण करतो, लहान नर त्याच्याशी न भिडता बाजूनं वेगळा बोगदा काढून मादीपर्यंत पोचतो, मला तर हे वाचून-बघून अजून नवल वाटतं. बिनशिंगाचा नर की मादी हे बघायचं तर किडा उलटा करा, पोटाचा शेवटचा पट्टा नरात मधोमध आक्रसलेला असतो, मादीत रुंद.

नेमकी जात मात्र फोटोवरून सांगणार नाही, त्यासाठी नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. एकाच पोमधले शिंगवाले, बिनशिंगाचे दोन्ही थोडे स्पिरिटमध्ये ठेवा आणि चिठ्ठीवर गाव, तारीख आणि शेण कुठल्या जनावराचं ते पेन्सिलनं लिहा, पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.