वाचकांचे प्रश्न : निवाऱ्यातला कुत्रा घरी आणण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, ७ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहोत. अपघातातून वाचवलेला, सुमारे २ वर्षांचा देशी कुत्रा आम्ही एका निवारा केंद्रात पाहिला आणि मुलीला तो फार आवडला. येत्या रविवारीच त्याला घेऊन जा, असे केंद्राचे म्हणणे आहे. सोसायटीचे सचिव मात्र कुत्रा चालणार नाही, असे सांगतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रविवारची घाई करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही त्याला एकदाच पाहिले आहे, आणि पिंजऱ्यात शांत बसलेला कुत्रा स्वभावाने शांत असतो की भीतीने गोठलेला असतो, हे एका भेटीत कळत नाही. आणखी दोन-तीनदा जा, त्यांपैकी एकदा मुलीला आणि सासूबाईंना बरोबर न्या, आणि त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाशी सविस्तर बोला. ताटलीजवळ कोणी गेले तर तो काय करतो, लहान मुले धावताना दिसली की त्याचे काय होते, एकटा राहिला तर तो भुंकतो का, हे त्या माणसाला जेवढे माहीत असते तेवढे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. कागदही हवेतच : रेबीजची आणि इतर लसींची तारखांसह नोंद, जंताचे औषध केव्हा दिले, नसबंदी झाली आहे का आणि अपघाताच्या उपचारांचे तपशील. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये गोचीडताप फार आढळतो, म्हणून रक्ततपासणीचा आग्रह धरा. जमले नाही तर कुत्रा परत घेऊ, असे लेखी द्यायला जे केंद्र तयार नसेल, तिथून कुत्रा घेऊ नये असे माझे मत आहे.

सचिवांचे म्हणणे कायद्याला धरून नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. तरीही महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची प्रत घेऊन स्वतः त्यांना भेटा. शेजाऱ्यांची भीती खरी असते आणि ती नुसते नियम दाखवून जात नाही.

तो घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. कुत्रे हरवतात ते बहुधा याच काळात, कारण त्याला अजून ना घर ओळखीचे असते ना तुमची हाक. दार उघडताना तो पट्ट्याला बांधलेलाच असावा, गळपट्ट्यावर फोन क्रमांक असावा आणि बाल्कनीला जाळी आधीच लावलेली असावी. अशा अनेक कुत्र्यांनी लिफ्ट आणि गुळगुळीत फरशी कधी पाहिलेली नसते. फरशीवर ते नखे रोवून, पाय फाकवून जागीच उभे राहतात; त्यांना ओढू नये, तर दारापासून त्यांच्या जागेपर्यंत पोत्याचे तुकडे अंथरून त्यांना आपणहून चालू द्यावे. पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका आणि आंघोळही घालू नका. केंद्रातलेच अन्न आठवडाभर चालू ठेवून हळूहळू बदल करा. दूध अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, आणि कांदा, मनुका, चॉकलेट ही त्यांच्यासाठी विषेच आहेत.

मुलीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण खरी काळजी तीच आहे. तो कितीही गरीब वाटला तरी पहिले काही महिने दोघांना एकत्र एकटे सोडू नका. तो जेवत असताना, झोपला असताना किंवा त्याच्या गादीवर असताना तिने जवळ जायचे नाही, आणि त्याला मिठी मारायची नाही. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, तेव्हा तो 'लांब राहा' असेच सांगत असतो. हे तिला दाखवून शिकवा. तो गुरगुरला तर त्याला मारू नका, कारण गुरगुरण्याची शिक्षा मिळालेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देताच चावू शकतो. चावा किंवा ओरखडा झालाच, तर हळद, चुना, तिखट असे काहीही न लावता जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कुत्र्याला लस दिलेली आहे, एवढ्या भरवशावर थांबू नका. सासूबाईंना त्याची भीती वाटत असेल, तर त्यांची खोली त्याच्यासाठी बंद ठेवा आणि त्या स्वतः बोलावतील तेव्हाच त्याला जवळ येऊ द्या.

देशी कुत्रा १२ ते १५ वर्षे सहज जगतो, म्हणजे मुलगी महाविद्यालयात जाईल तेव्हा तो म्हातारा झालेला असेल. त्या वेळी त्याला फिरवायला कोण नेणार, हे घरातल्या मोठ्यांनी आताच ठरवावे.

प्रश्न : आमच्या मुलांनी वाड्यामागून महिन्याभराचे पिल्लू उचलून आणले आहे. त्याची आई आसपासच फिरते. आम्ही ते ठेवावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आई धडधाकट असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर आजच ते तिच्याजवळ परत ठेवा. पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईचे दूध तर हवेच, पण किती जोराने चावायचे हेही ते भावंडांशी खेळतानाच शिकते. तोवर आईला चांगले खाऊ घाला. नंतर पिल्लू घरी आणाल तेव्हा पशुवैद्याला दाखवून लसी सुरू करा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्यायची असते. मधल्या काळात त्याला इतर कुत्रे फिरतात त्या जमिनीवर सोडू नका, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पिल्ले वाढली की त्यांच्या आईची नसबंदीही करून घ्या. नगरपालिकेकडे किंवा जवळच्या प्राणिसंस्थेकडे त्याची चौकशी करता येईल.